मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी अथवा नोकरीसाठी परदेशी गेलेली आहे, अशी घरे आता मुंबई-पुण्यापुरती मर्यादित राहिलेली नाहीत. तालुक्याच्या गावी, आणि पुष्कळदा लहानशा खेड्यातही, असे एखादे घर असते. त्यामुळे ‘अमेरिका किती लांब?’ आणि ‘तेथून यावयास किती वेळ लागतो?’ हे प्रश्न भूगोलाच्या तासापुरते उरलेले नाहीत. कधी लग्नाची तारीख धरताना ते विचारले जातात. कधी घरात मृत्यू घडलेला असतो, अंत्यसंस्कार थांबवावयाचे की नाही हे ठरविण्यासाठी चार वडीलधारी मंडळी ओट्यावर बसलेली असतात आणि तेव्हा ते विचारले जातात. अशा वेळी उत्तर देण्याचे काम बहुधा गुरुजींवर, ग्रामसेवकावर किंवा सरपंचांवर येऊन पडते.

हे दोन प्रश्न वरवर एकाच प्रश्नाची दोन रूपे वाटतात. अंतर ठाऊक झाले, वेग ठाऊक झाला की भागाकार करून वेळ काढावयाची, हा हिशेब एस. टी. च्या प्रवासाला बऱ्याच अंशी लागू पडतो. दूरच्या विमानप्रवासाला मात्र तो तसाच्या तसा लागू पडत नाही. दोन विमानतळांमधील अंतर वर्षानुवर्षे तेच राहते. प्रवासाचा काळ मात्र दिशेप्रमाणे, ऋतूप्रमाणे आणि राष्ट्राराष्ट्रांतील संबंधांप्रमाणे कमीजास्त होतो. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी विमानतळ या जोडीचे उदाहरण घेऊन ही गोष्ट चांगली समजावून घेता येईल.

नकाशावरील रेघ आणि गोलावरील दोरा

शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशात मुंबई उजवीकडे आणि न्यूयॉर्क डावीकडे दिसते. दोहोंना जोडणारी सरळ रेघ ओढली, तर ती अरबी समुद्र, अरबस्तान, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया आणि मोरोक्को ओलांडून अटलांटिक महासागरावरून पलीकडे जाते. विमानही याच वाटेने जात असेल, अशी विद्यार्थ्यांची आणि पुष्कळदा मोठ्यांचीही समजूत असते. प्रत्यक्षात ही वाट सर्वात जवळची नव्हे. तिची लांबी सुमारे १४,२०० किलोमीटर भरते, तर दोन विमानतळांमधील सर्वात कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. हा फरक सुमारे १,६७० किलोमीटरचा, म्हणजे जवळजवळ मुंबई ते कोलकाता या हवाई अंतराएवढा आहे.

याचे कारण नकाशाच्या घडणीत आहे. गोल पृथ्वीचा पृष्ठभाग सपाट कागदावर पसरताना कोठे तरी ताण द्यावाच लागतो. गेरार्डस मर्केटर या नकाशाकाराने १५६९ मध्ये तयार केलेल्या पद्धतीत हा ताण ध्रुवांकडे वाढत जातो. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या नाविकांना ही पद्धत अतिशय सोयीची होती; त्यांच्या दृष्टीने मर्केटरने मोठेच काम केले. परंतु त्याच नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. वस्तुतः आफ्रिका खंड ग्रीनलंडच्या सुमारे १४ पट आहे. अंतरे मोजण्यासाठी असा नकाशा वापरणे म्हणजे ताणलेल्या रबरी पट्टीने कापड मोजण्यासारखे होय.

खरे अंतर पाहावयाचे, तर पृथ्वीगोल घ्यावा. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांवर दोऱ्याची टोके धरून दोरा ताणला, तर तो आपोआप सर्वात जवळच्या वाटेवर स्थिरावतो आणि त्याची लांबी सुमारे साडेएकोणतीस सेंटिमीटर भरते. या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. गुणाकार विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावा. भिंतीवरील नकाशातल्या वाटेने, म्हणजे इजिप्त-मोरोक्कोवरून, दोरा टेकवीत नेला तर तो चार सेंटिमीटर अधिक लागतो. ज्या शाळेत पृथ्वीगोल आहे, तेथे या प्रयोगाला दोऱ्याखेरीज काहीही खर्च नाही.

दोरा कोठून जातो, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही. मुंबईहून निघताच तो पश्चिमेकडे न वळता उत्तर-वायव्येकडे जातो. सौराष्ट्र आणि कच्छ यांवरून सिंध, तेथून बलुचिस्तान व अफगाणिस्तान, पुढे तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग आणि रशिया असा त्याचा मार्ग आहे. सेंट पीटर्सबर्गच्या आसपास बाल्टिक समुद्राच्या परिसरात येऊन तो फिनलंडचे दक्षिण टोक, स्वीडन आणि नॉर्वे ओलांडतो. नॉर्वे आणि आइसलंड यांच्या दरम्यान समुद्रावर तो जवळजवळ ६५ उत्तर अक्षांशापर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या थोडा अलीकडे पोहोचतो, आणि मगच दक्षिणेकडे उतरू लागतो. आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळचा समुद्र, कॅनडातील लाब्राडोर आणि शेवटी न्यूयॉर्क. मुंबई आणि न्यूयॉर्क ही दोन्ही शहरे कडाक्याच्या उत्तरेत नसताना त्यांना जोडणारी जवळची वाट मात्र बर्फाळ प्रदेशातून जाते, ती यामुळे.

पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने तिच्या पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, त्यास बृहद्वृत्त म्हणतात. विषुववृत्त हे बृहद्वृत्त आहे. सर्व रेखावृत्तेही बृहद्वृत्तांचेच अर्धे भाग होत. गोलावरील कोणत्याही दोन ठिकाणांमधील सर्वात जवळची वाट अशाच एखाद्या वर्तुळाच्या कडेने जाते. वैमानिक हे अंतर किलोमीटरमध्ये न मोजता सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, म्हणजेच रेखावृत्तावरील एका अंशाच्या साठाव्या भागाइतकी लांबी. त्या हिशेबाने मुंबई-न्यूयॉर्क अंतर सुमारे ६,७६५ सागरी मैल होते.

थांबे घेत आणि न थांबता

एवढे अंतर एका दमात तोडणे विमानांना फार उशिरा साधले. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टलेशन जातीचे विमान मुंबईहून लंडनला निघाले, तेव्हा त्यास कैरो व जिनिव्हा येथे थांबावे लागले. ही भारतीय कंपनीची युरोपला जाणारी पहिली नियमित सेवा होती. बोइंग ७०७ ही जेट विमाने आल्यानंतर १४ मे १९६० पासून एअर इंडियाची सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत पोहोचली. मुंबई ते न्यूयॉर्क विनाथांबा उड्डाण सुरू होण्यास १ ऑगस्ट २००७ हा दिवस उजाडावा लागला. पुढे या सेवेत खंडही पडले.

अडचण वेगाची नव्हती, इंधनाची होती. २००७ च्या या सेवेसाठी वापरलेल्या बोइंग ७७७-२०० एल. आर. या विमानाचे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन सुमारे ३४७ टन असते आणि त्याच्या टाक्यांत सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावते. या इंधनाचे वजनच सुमारे १४५ टन होते. म्हणजे टाक्या पूर्ण भरल्या तर विमान उचलते त्यातील चाळीस टक्क्यांहून अधिक भार केवळ इंधनाचा असतो, आणि सुरुवातीच्या तासांत जळणाऱ्या इंधनाचा मोठा भाग पुढच्या तासांचे इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडतो. बैलगाडीत बैलांचाच कडबा भरून लांबच्या बाजाराला जाण्यासारखा हा प्रकार आहे. वाट लांबली की मालाला जागा कमी उरते.

आजही पुष्कळ प्रवासी आखातातील किंवा युरोपातील एखाद्या विमानतळावर विमान बदलून अमेरिकेस जातात. येथे अंतर आणि वेळ यांतील फरक स्पष्ट दिसतो. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० आणि दुबई ते न्यूयॉर्क सुमारे ११,०२० किलोमीटर. दोन्ही मिळून विनाथांबा अंतरापेक्षा जेमतेम ४०० किलोमीटर अधिक होतात. हे अधिक अंतर विमान अर्ध्या तासात कापते. परंतु उतरणे, पुढच्या विमानाची प्रतीक्षा आणि पुन्हा चढणे यांत तीन तासही जातात आणि आठही. तिकीट पाहताना किलोमीटर पाहू नयेत, मधल्या थांब्याचे तास पाहावेत, हे यावरून ध्यानात येईल.

वाऱ्याचा वाटा

मोठ्या प्रवासी विमानाचा हवेतील वेग ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो. १२,५३० ला ९०० ने भागले तर चौदा तासांस काही मिनिटे कमी असे उत्तर येते. परंतु मुंबईहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विनाथांबा विमानास साधारणपणे सोळा तासांच्या आसपास लागतात आणि परतीचे विमान त्याहून तास-दीड तास लवकर पोहोचते.

या फरकाचे पृथ्वीच्या फिरण्याशी जोडलेले एक स्पष्टीकरण वारंवार ऐकू येते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पश्चिमेस जाणाऱ्या विमानाखालून न्यूयॉर्क दूर सरकत जाते, असे ते स्पष्टीकरण आहे. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीचे वातावरणही फिरते आणि विमान त्या वातावरणातच असते. धावत्या रेल्वेच्या डब्यात इंजिनाच्या दिशेने चालावयाचे की उलट, यावरून चालण्यास कमीजास्त वेळ लागत नाही, तसेच हे होय.

खरे कारण वारा हे आहे. जमिनीपासून सुमारे ९ ते १२ किलोमीटर उंचीवर, म्हणजे नेमकी विमाने उडतात त्या थरात, मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांस जेट प्रवाह म्हणतात. त्यांचा वेग ताशी दीडशे-दोनशे किलोमीटर सहज असतो. हिवाळ्यात तो तीनशेच्याही पुढे जातो. अमेरिकेस जाताना हा वारा तोंडावर येतो, परतताना पाठीशी असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये युरोपात मोठे वादळ आले असता ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. एरवी या प्रवासास सहा तासांहून अधिक लागतात.

उदाहरणादाखल असे धरू की, जेट प्रवाह टाळण्यासाठी आणि ठरलेल्या हवाई मार्गांनी जाण्यासाठी विमानाने प्रत्यक्षात १३,२०० किलोमीटर वाट कापली. जाताना सरासरी ८० किलोमीटर वेगाचा वारा समोरून असेल, तर जमिनीच्या हिशेबाने विमानाचा वेग ८२० पडतो आणि सोळा तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. येताना ६० किलोमीटरचा वारा पाठीशी असेल, तर वेग ९६० होतो आणि पावणेचौदा तास पुरतात. अंतर तेच आणि विमान तेच असूनही सव्वादोन तासांहून अधिक फरक पडतो. नेमका मार्ग दररोज हवामानाचे अंदाज पाहून ठरविला जातो. त्यामुळे दोऱ्याची वाट ही केवळ पायाभूत रेषा असते. विमान तिच्यापासून कधी शेकडो किलोमीटर उत्तरेकडे, कधी दक्षिणेकडे जाते.

बंद झालेली आकाशे

वारा निसर्गाच्या हाती आहे. परंतु वाटेवरील आकाश हे खालच्या राष्ट्राच्या मालकीचे असते. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण स्वामित्व मान्य करण्यात आले. वरून जाऊ द्यावयाचे की नाही, हे ते राष्ट्र ठरविते. मुंबई-न्यूयॉर्क मार्ग ज्या प्रदेशांवरून जातो त्यांची नावे वर आली आहेत. ती नावे पुन्हा वाचली, तर गेल्या काही वर्षांत या मार्गावर काय ओढवले असेल याची कल्पना येते.

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली. ती १६ जुलै रोजी पूर्णपणे खुली झाली. या काळात एकट्या एअर इंडियास २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा तोटा झाल्याचे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी राज्यसभेत सांगितले. २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमानांसाठी ही हद्द पुन्हा बंद झाली आणि बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढविली गेली. मुंबईच्या विमानांना याचा फटका दिल्लीच्या मानाने कमी बसतो, कारण मुंबईसमोर समुद्र मोकळा आहे. अरबी समुद्रावरून मस्कतकडे जाऊन मग उत्तरेस वळले, तर हिशेबाने साडेतीनशे-चारशे किलोमीटरच वाढतात. दिल्लीच्या विमानास मात्र आधी नैर्ऋत्येकडे समुद्रापर्यंत यावे लागते.

परंतु समुद्राकडची वाटही पुढे इराण किंवा इराक यांवरूनच उत्तरेस जाते. १३ जून २०२५ रोजी इस्राएल आणि इराण यांच्यात संघर्ष भडकला आणि त्या भागातील आकाश एकाएकी बंद झाले. त्या दिवशी मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले एअर इंडियाचे विमान वाटेतून मुंबईस परत आणावे लागले आणि न्यूयॉर्कहून मुंबईस येणारे विमान जेद्दाकडे वळविण्यात आले. त्या दिवशी अंतर १२,५३० किलोमीटरच होते. प्रवासाची वेळ मात्र कोणासही सांगता येत नव्हती.

रशियाची गोष्ट आणखी वेगळी आहे. युक्रेनमधील युद्धानंतर २०२२ मध्ये अमेरिकी आणि युरोपीय विमान कंपन्यांना रशियाचे आकाश बंद झाले, भारतीय कंपन्यांना ते खुले राहिले. त्यामुळे त्याच दोन शहरांदरम्यान एका कंपनीचे विमान एका वाटेने आणि दुसरीचे दुसऱ्या वाटेने, अधिक वेळ घेऊन, जाऊ लागले.

घड्याळाचा हिशेब

सर्वाधिक घोटाळा होतो तो घड्याळामुळे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशावर आधारलेली असून ती ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्कची वेळ हिवाळ्यात ग्रिनिचच्या पाच तास आणि उन्हाळ्यात चार तास मागे असते. म्हणून हिवाळ्यात भारत साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो. हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. आपले घड्याळ मात्र जागचे हलत नाही. घड्याळांचा असा फरक आपल्याला अगदीच नवा नाही. देशाने १९०६ मध्ये प्रमाणवेळ स्वीकारल्यावरही मुंबईत १९५५ पर्यंत ‘मुंबई टाइम’ चालू होता आणि तो प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होता.

तिकिटावर नेहमी त्या त्या ठिकाणची स्थानिक वेळ छापलेली असते. हिवाळ्यात रात्री एक वाजता मुंबईहून निघालेले विमान सोळा तासांनी पोहोचते, तेव्हा मुंबईत सायंकाळचे पाच झालेले असतात, पण न्यूयॉर्कच्या घड्याळात त्याच दिवशीचे सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. तिकीट पाहणारास हा प्रवास साडेपाच तासांचा वाटतो. उलट न्यूयॉर्कहून दुपारी बाराला निघून साडेचौदा तासांत येणारे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता मुंबईस उतरते. तिकिटावर ते पंचवीस तास दिसतात. हिशेब चुकू नये, यासाठी निघण्याची वेळ प्रथम भारतीय वेळेत बदलून घ्यावी आणि मग उड्डाणाचे तास मिळवावेत.

एक प्रसंग घेऊ. डिसेंबरात सोमवारी सकाळी सहा वाजता गावाकडून न्यूयॉर्कला दूरध्वनी गेला. तेथे रविवारची सायंकाळ, साडेसात वाजलेले असतात. मुलाला सोमवारी दुपारी बाराच्या विमानात जागा मिळाली, तर भारतीय वेळेनुसार तो सोमवारी रात्री साडेदहाला निघेल आणि मंगळवारी दुपारी एक वाजता मुंबईस उतरेल. दूरध्वनीपासून हे एकतीस तास झाले. पारपत्राची तपासणी आणि सामान यांत दीड-दोन तास धरावेत. घर नांदेड जिल्ह्यात असेल, तर पुढे सुमारे ६०० किलोमीटरचा रस्ता आहे. म्हणजे बुधवारची पहाट. ‘विमान साडेचौदा तासांत येते’ एवढे ऐकून सोमवारी रात्रीपर्यंत वाट पाहण्याचे ठरविणाऱ्या नातलगांची जी निराशा होते, तिचे मूळ या हिशेबात असते. थांबावे की न थांबावे, हे कुटुंबाने ठरवावयाचे. परंतु किती थांबावे लागेल, हे त्यांस पहिल्या तासातच स्पष्ट सांगता येण्यासारखे आहे.

पश्चिमेस जाताना प्रवाशास रात्रीही निराळी भेटते. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, पण ६० अक्षांशावर हाच वेग निम्मा, सुमारे ८३५ किलोमीटर होतो. विमानाचा वेगही जवळपास तेवढाच. परिणामी डिसेंबरात मध्यरात्रीनंतर मुंबईहून उडालेले विमान उजाडण्याच्या पुढे पुढेच पळत राहते. प्रवासी जेवतो, झोपतो, उठतो, पुन्हा जेवतो, तरी खिडकीबाहेर काळोखच असतो. सोळा तासांनी तो न्यूयॉर्कला उतरतो, तेव्हाही तेथे सूर्य उगवावयाचा असतो. जूनमध्ये त्याच वाटेवर नॉर्वे आणि आइसलंड यांच्या आसपास क्षितिजावरचा उजेड रात्रभर पूर्णपणे मावळत नाही.